बी ब्लॉकनं काही करायचं नाही

ऊर्मीनं नाणं उडवलं, झेललं, मूठ उघडून पाहिलं आणि म्हणाली, "ए ब्लॉक." श्रीलक्ष्मी एन्क्लेव्हच्या क्लबहाउसमध्ये टाळ्या पडल्या, पण त्या सगळ्या एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूला बी ब्लॉकमधले आजी-आजोबा बसले होते. सगळ्यांत पुढे हाताची घडी घालून एकोजीराव बसले होते आणि त्यांच्या मिशीचं एक टोक हलायला लागलं होतं. हे लक्षण बरं नव्हे, हे बी ब्लॉकमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बिचाऱ्या ऊर्मीला ठाऊक नव्हतं.

एकोजीराव म्हणजे रणगाड्यांच्या सरकारी कारखान्यात तपासनीस म्हणून हयात घालवलेला माणूस. केसाइतका फरक दिसला की भाग परत, मग तो बनवणारा रडो की पाया पडो. निवृत्तीनंतर वेलचेरीत मुलाकडे राहायला आले, तेव्हा तपासायला रणगाडे उरले नाहीत. म्हणून ते सोसायटीची लिफ्ट, शेअर ऑटोंचे टायर आणि सुनेचं रसम तपासू लागले. यातल्या कुणीही त्यांना बोलावलं नव्हतं, हे सांगायलाच नको.

श्रीलक्ष्मी एन्क्लेव्ह ही तंजावरकडच्या मराठी मंडळींनी मिळून उभी केलेली सोसायटी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहूनही ही माणसं घरात आपली जुनी मराठी बोलतात. निदान बोलत होती. नातवंडं मात्र खाली खेळताना तमिळ आणि शाळेत इंग्रजी बोलत, आणि घरात मोबाइलकडे तोंड करून काहीच बोलत नव्हती. ऊर्मी जळगावची. इथल्या एका विद्यापीठात मानवविकास या विषयात पीएच.डी. करत होती आणि तिला एवढंच सिद्ध करायचं होतं, की आजी-आजोबांनी लहान मुलांशी घरच्या भाषेत नीट गप्पा मारल्या तर मुलं जास्त बोलू लागतात. त्यासाठी ए ब्लॉकला ती दर आठवड्याला प्रशिक्षण देणार, चित्रांची कार्डं देणार. बी ब्लॉकला काही देणार नाही. शेवटी दोन्हींकडची मुलं तपासायची आणि फरक पाहायचा. शास्त्राची रीतच तशी आहे, आणि ती तिनं अगदी गोड आवाजात समजावून सांगितली.

"आणि आम्ही काय करावयाचं?" एकोजीरावांनी विचारलं.

"तुम्ही काही करायचं नाही, आजोबा. जसं चाललंय तसंच चालू द्यायचं."

"म्हणजे काय करावयाचं?"

"काहीच नाही. पण ते फार महत्त्वाचं आहे! तुम्ही काही केलं नाही तरच त्यांनी काय केलं ते कळेल. नंतर तुम्हालाही शिकवूच की."

"दुसरी पंगत," एकोजीराव शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले. बी ब्लॉकच्या काळजात ते कट्यारीसारखं गेलं. ज्या लोकांत पंगतीत एखाद्याच्या पानावरून वाढप्या चुकून पुढं गेला तर तीन पिढ्या बोलणं बंद होतं, त्यांच्यासमोर ही पोरगी एका अख्ख्या इमारतीचं पान वगळून पुढं निघाली होती. तेही हसत हसत, आणि शास्त्राच्या नावाखाली.

त्यात ए ब्लॉकमध्ये गिरीधरराव राहायचे. बँकेतून निवृत्त, आणि एकोजीरावांच्या पत्नीचे, सईबाईंचे, सख्खे धाकटे भाऊ. मेहुण्याला विद्यापीठ आणि आपल्याला शून्य! सभा संपल्यावर गिरीधरराव मुद्दाम जवळ आले आणि म्हणाले, "भावोजी, तुमचंही काम मोठं आहे बरं का. तुमच्यावांचून आम्ही कोणाच्या पुढं जाणार?"

एवढ्यावरही एकोजीराव गप्प बसले असते, असं मानायला जागा आहे. पण दुसऱ्या आठवड्यात ऊर्मी काही विचारायला बी ब्लॉकमध्ये त्यांच्या दारात आली. सईबाईंनी पितळेच्या पेल्यात फेसाळ फिल्टर कॉफी आणली, तर ती दारातूनच म्हणाली, "नको आजी, इथं बसले तर गप्पा होतील. गप्पा झाल्या तर माझा अभ्यास बिघडेल." आणि ती गेली. समोर ए ब्लॉकच्या बाल्कनीत तीच ऊर्मी गिरीधररावांच्या घरची वांगी-भाताची ताटली संपवताना एकोजीरावांनी आपल्या डोळ्यांनी पाहिली.

"सई," ते म्हणाले, "तुझ्या भावाकडं कढीपत्ता मागावयास जा."

"आपल्या कुंडींत आहे कीं मोप."

"तरी जा. आणि ती पोरगी काय शिकवते तें ऐकून ये."

सईबाईंना असलं काम पहिल्यापासून आवडायचं. त्या गेल्या आणि कढीपत्ता निवडण्याच्या निमित्तानं भावाच्या स्वयंपाकघरात तासभर बसल्या. परत आल्या त्या सगळं पाठ करून. मुलाला काहीतरी विचारा. मग थांबा. ते बोलेपर्यंत थांबा. चुकलं तरी दुरुस्त करू नका. ते जे बोललं त्याचाच धागा धरून पुढं विचारा. बास, एवढंच.

"एवढ्यासाठीं विद्यापीठ लागतं?" एकोजीराव म्हणाले.

"करून पाहा, मग बोला," सईबाई म्हणाल्या.

त्यांनी करून पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. त्यांची नात भव्या तीन वर्षांची. आई-बाप दोघंही ओरगडमच्या कंपन्यांत, त्यामुळे दिवसभर ती आजी-आजोबांकडे. ती आजोबांना तमिळमध्ये 'तात्ता' म्हणायची, इंग्रजीत गाणी म्हणायची, आणि आजोबा मराठीत काही बोलले की टीव्हीच्या रिमोटकडे बोट दाखवायची. एकोजीरावांनी टोपलीतलं वांगं उचललं आणि विचारलं, "हें काय?" मग थांबले. थांबणं म्हणजे काय, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कळलं. त्यांच्या जिभेवर 'वांगं, अगं वांगं, भरताचं वांगं' असं सगळं येऊन उभं राहिलं होतं. त्यांनी ओठ दाबून धरले, मिशी थरथरली, कपाळावरची शीर फुगली.

भव्यानं आजोबांकडे बराच वेळ निरखून पाहिलं. त्यांना काहीतरी होतंय असं वाटून असेल, पण तिनं त्यांच्या गालावर हात ठेवला. मग वांगं घेऊन खाटेवर निजवलं, त्यावर पंचा पांघरला आणि म्हणाली, "आजा, वांगी झोपला."

वांगी झोपला! एका वाक्यात लिंग चुकलं, वचन चुकलं. रणगाड्याचा असा भाग आला असता तर एकोजीरावांनी तो बनवणाऱ्याच्या अंगावर फेकला असता. पण तिनं त्यांना 'आजा' म्हटलं होतं. त्यांनी घसा खाकरला, डोळे पुसले आणि अगदी हळू विचारलं, "कां झोपला?"

"ताप आला."

तिथून जे सुरू झालं ते आवरता येईना. दुपारी वांग्याला औषध, संध्याकाळी वांग्याचं लग्न. रात्री सईबाईंनी त्याच वांग्याची भाजी केली आणि घरात रडारड झाली. दुसऱ्या दिवशी एकोजीरावांनी ही युक्ती शेजाऱ्यांना सांगितली, शेजाऱ्यांनी वरच्या मजल्याला, आणि महिना उलटायच्या आत सगळा बी ब्लॉक नातवंडांना काहीबाही विचारून ओठ दाबून उभा राहायला लागला. कार्डं नव्हती, म्हणून ज्याला जे सापडेल ते. कुणी लिफ्टची बटणं, कुणी धुण्याची बादली, कुणी स्वतःची कवळी. ए ब्लॉकमध्ये मात्र कार्डं होती आणि गिरीधरराव होते. ते नातवाला समोर बसवून कर्ज मागायला आल्यासारखी त्याची चौकशी करत. त्यामुळे तो कार्ड दिसलं की खाटेखाली जाऊन बसायचा.

हे सगळं ऊर्मीला कळता कामा नये, एवढी अक्कल बी ब्लॉकला होती. ती गेटातून आत येताना दिसली की पहिल्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "तण्णी लॉरी वंदाच्चु!" म्हणजे पाण्याचा टँकर आला. ही खूण मिळताच घराघरांत टीव्ही लागायचे, मुलांच्या हातात मोबाइल जायचे आणि आजी-आजोबा सोफ्यावर डोळे तारवटून बसायचे. ऊर्मी डोकावून पाहायची आणि समाधानानं निघून जायची. एकदा मात्र घोटाळा झाला. उन्हाळ्याचे दिवस, नळाला पाणी नाही, आणि ती आरोळी ऐकून ए ब्लॉकमधली माणसं प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन जिन्यावरून धावत खाली आली. गेटात टँकर नव्हता, एकटी ऊर्मी होती. तिला वाटलं हे आपलं स्वागतच आहे. तिनं सगळ्यांना नमस्कार केला.

एकोजीरावांना तेव्हा जग जिंकल्यासारखं वाटत होतं. आता तपासणीच्या दिवशी बी ब्लॉकची पोरं तोंड उघडतील आणि मेहुण्याचं तोंड बंद होईल, एवढाच हिशोब त्यांच्या डोक्यात होता. ऊर्मीचा त्या हिशोबात कुठं पत्ताच नव्हता.

तो लागला वेलचेरी स्टेशनच्या पायऱ्यांवर. तपासणीला आठवडा उरला होता. एकोजीराव नातीसाठी फुगा घेऊन येत होते, तर ऊर्मी पायरीवर डोकं धरून बसलेली.

"काय झालं, पोरी?"

"काही नाही आजोबा. ए ब्लॉकची मुलं फारशी बोलतच नाहीत. आणि शिष्यवृत्ती या वर्षी संपतेय. फरक दिसला नाही तर प्रबंध गेला. घरचे म्हणतायत, पुरे झालं, परत ये." तिनं डोळे पुसले आणि एकदम हसली. "पण तुम्ही आहात ना! थोडासा जरी फरक दिसला तरी पुरेल मला. तुम्ही सगळे किती प्रामाणिकपणे काही करत नाही, मी बघते ना. बी ब्लॉकवरच माझी सगळी भिस्त आहे."

एकोजीरावांच्या हातातून फुगा सुटला तो थेट वरच्या रेल्वेच्या पुलावर. त्यांना वाटलं आत्ताच सांगून टाकावं. तोंडही उघडलं. पण त्या पोरीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत तिथून चक्क पळाले. लाज वाटली त्यांना. फार लाज वाटली.

त्याच संध्याकाळी बी ब्लॉकच्या गच्चीवर सभा भरली. एकोजीरावांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "परक्या मुलखांत एकटी राहून शिकते पोर. आपण तिच्या अन्नांत माती कालवली. आतां एकच उपाय. तपासणीच्या दिवशीं आपल्या लेकरांनी बोलायचं नाहीं."

हा उपाय सगळ्यांना एकदम पटला, यावरूनच तो किती वेडगळ होता हे ओळखावं. दुसऱ्या दिवसापासून बी ब्लॉकमध्ये मुलांना न बोलायचं शिकवणं सुरू झालं. जे आजी-आजोबा 'हें काय?' विचारून थांबत होते, ते आता 'हें काय?' विचारून तोंडावर बोट ठेवायचे. मुलांना वाटलं हा नवा खेळ आहे. 'मला बोलायचं नाहीं, माहीत आहे? मी बोलणारच नाहीं, पाहा' असं ती जिन्यात, लिफ्टमध्ये, गेटवर भेटेल त्याला सांगत सुटली. शेवटी एकोजीरावांनी फर्मान काढलं, की गप्प बसेल त्याला मुरुक्कू, म्हणजे इथली चकली.

तपासणीच्या दिवशी सकाळीच क्लबहाउस भरलं. ऊर्मीच्या मार्गदर्शक, प्रोफेसर विशालाक्षी, जरीकाठी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या. त्या तमिळ. मराठी त्यांना कळत नव्हती, पण कोण बोलतं आणि कोण नाही एवढं कळायला भाषा लागत नाही. ए ब्लॉकची मुलं आधी झाली. त्यांनी चार-दोन शब्द टाकले. गिरीधररावांच्या नातवानं कार्ड पाहिलं आणि टेबलाखाली शिरला. मग बी ब्लॉकची मुलं. एकामागून एक सगळी मुकी. गाल फुगलेले, ओठ घट्ट. ऊर्मीच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढत चालला. एकोजीराव दारापाशी उभे राहून मनातल्या मनात तंजावरच्या सगळ्या देवांना नारळ बोलत होते.

मग भव्या आली. ऊर्मीनं तिच्यासमोर चित्र ठेवलं. भाजी चिरणारी एक बाई, शेजारी टोपली. "काय दिसतं यात, भव्या?" ऊर्मीनं विचारलं आणि ती थांबली.

ते थांबणं एकोजीरावांच्या चांगल्या ओळखीचं होतं. त्या थांबण्यापुढं भव्या टिकणं शक्य नव्हतं. भव्यानं चित्राकडे पाहिलं. टोपलीत वांगी होती. तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी तोंडावर बोट ठेवलं. ऊर्मी थांबलेलीच.

"मला बोलायचं नाहीं," भव्या म्हणाली.

"बरं. का गं?"

"आजानं सांगितलं. बोललं तर मुरुक्कू नाहीं. म्हणून मी मुरुक्कू आधींच खाल्लं. आतां बोलतें." आणि ती बोलली. वांगी आजारी पडला आणि बरा झाला आणि त्याचं लग्न झालं आणि आजीनं त्याला कापला. वांगी कापल्यावर आजाही रडला, पण तो म्हणतो कांदा होता. ही अक्का आली की 'लॉरी आली' म्हणायचं, मग टीव्ही लावायचा, मग आजा असा बसतो, आणि तिनं डोळे तारवटून जीभ बाहेर काढून दाखवली. अक्का गेली की पुन्हा बोलायचं. अक्काला सांगायचं नाही, नाहीतर अक्का रडते. एवढं सगळं मराठीत, मध्ये मध्ये तमिळची फोडणी, एका दमात. तिचं पाहून रांगेतली बाकीची मुलंही सुटली. क्लबहाउसमध्ये एवढा कलकलाट झाला, की बाहेरच्या कावळ्यांनी जागा बदलली.

ऊर्मी हसत नव्हती. ती उठून दारापाशी आली. "आजोबा, हे खरं आहे?"

लहान पोर आहे, काहीही बरळते, असं एकोजीरावांना म्हणता आलं असतं. मागे सगळा बी ब्लॉक तेवढ्यासाठी श्वास रोखून उभा होता. "खरं आहे," एकोजीराव म्हणाले. "सगळं मी केलं. बाकीच्यांना मी शिकवलं. पोरांना गप्प बसवायचंही मींच ठरवलं. तुझं नुकसान झालं. मला काय शिक्षा करायची ती कर."

"पण का, आजोबा? मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. काही करू नका. त्यात काय कठीण होतं?"

एकोजीरावांनी पंच्यानं तोंड पुसलं. कॉफीचं सांगावं, पंगतीचं सांगावं, मेहुण्याचं सांगावं, असं सगळं त्यांच्या मनात होतं. पण तोंडातून आलं ते निराळंच. "रिटायर झालों तेव्हांपासून मुलगा रोज तेंच म्हणतो. अप्पा, तुम्ही कांही करूं नका. सून म्हणते. बँकेंत जावं तर तो पोरगा म्हणतो, सार, तुम्ही बसा, फोनवर होतं. डॉक्टर तेंच. मग विद्यापीठ आलं. मला वाटलं, एवढं शिकलेले लोक आहेत, हे कांहीतरी काम सांगतील. तर तुम्हीही तेंच म्हणालांत."

कलकलाट चालूच होता. प्रोफेसर विशालाक्षींनी दारापाशी येऊन ऊर्मीला विचारलं, हे काय म्हणाले? ऊर्मीनं इंग्रजीत सांगितलं. प्रोफेसरबाईंनी चष्मा काढून पुसला. पुढच्या वर्षी त्याही निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या मुलानं त्यांच्यासाठी आत्ताच एक झुलती खुर्ची घेऊन ठेवली होती.

"तुझी तुलना संपली," त्या ऊर्मीला म्हणाल्या. "ती विसर. पण आपण एका इमारतीला शिकवलं आणि न शिकवता दुसरी शिकली. कशी शिकली, ते शोध. विद्यापीठाच्या कामाचा लोकांना उपयोग व्हायचा तो असाच होतो, आणि नेमका तोच आपण कधी मोजत नाही. मुदतवाढीसाठी मी भांडते. मिळेलच असं नाही."

ऊर्मीनं मान हलवली. मग ती एकोजीरावांकडे वळली. डोळे भरलेले, नाक लाल.

"आजोबा, माझा प्रबंध बुडवलात तुम्ही."

"हो."

"पार तळाला नेऊन बुडवलात."

"हो, अम्मा."

"आता तो वर काढायचाय. कुणी कुणाला काय शिकवलं, कधी, कसं, सगळं घरोघर फिरून विचारावं लागेल, आणि मला तुमची बोली धड कळत नाही. उद्या सकाळपासून तुम्ही माझ्याबरोबर यायचं. पुष्कळ काम आहे."

एकोजीरावांच्या मिशीचं टोक हलायला लागलं. त्यांनी सईबाईंकडे पाहिलं, मग पुन्हा ऊर्मीकडे. आपण ऐकलं ते बरोबर ऐकलं ना, याची त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"पुष्कळ?" त्यांनी विचारलं.

"पुष्कळ," ऊर्मी म्हणाली.